देवीच्या आधी सात जांभळं

गुलाबआत्या नसती तर मी जन्मभर उल्हासनगरात जीन्स धुतल्या असत्या, आणि त्याही धड धुतल्या नसत्या. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी बारावी पास झालो तेव्हा वडिलांनी, त्यांच्या परीनं अगदी मायेनं, जीन्स धुलाईच्या एका कारखान्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. आत्या त्याच दिवशी बदलापूरहून आमच्या कॅम्प एकमधल्या खोलीवर आली. डोक्यावरची पाटी उतरवली आणि पाणीसुद्धा न पिता वडिलांना म्हणाली, “दादा, ह्याला माज्याकडं दे. हितं ह्यो शिकनार नाय. हितं पंखा बोलतो, शेजारी बोलतो, खालचं शिलाईचं मशीन बोलतं. ह्याला बोलायला जागाच नाय.” वडील म्हणाले, “आनि शिकून करनार काय?” “ते शिकल्यावर त्यालाच इचार,” आत्या म्हणाली आणि माझी पिशवी भरायला लागली. मी तेव्हा खिडकीशी उभा राहून, आपण फार दुःखी आणि फार हुशार आहोत, असा चेहरा केला होता. त्यातलं निम्मं खरं होतं. कुठलं निम्मं, ते मला पदवी मिळेपर्यंत कळलं नाही.

बदलापूरजवळच्या खरवईला आत्याचं कौलारू घर होतं. पुढे ओटा, मागे पडवी आणि पडवीला लागून वाडी. वाडीत दोन आंबे, एक फणस, कुंपणाशी पांढऱ्या जामाचं एक झाड आणि जांभळीची पाच झाडं. चैत्र सरत आला की पोपट आणि वटवाघळं जांभळींवर तुटून पडत, म्हणून प्रत्येक झाडावर दगड घातलेला एकेक पत्र्याचा डबा टांगलेला असे आणि पाचही डब्यांचे दोर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधलेले असत. आत्या तांदळाची भाकरी थापता थापता मध्येच डाव्या हातानं दोर ओढायची. थाप, थाप, थाप, खडखड. माझा सगळा इतिहास आणि सगळं अर्थशास्त्र मी या तालावर पाठ केलं. त्याचा तोटा परीक्षेत कळला. हॉलमध्ये एवढी शांतता की मला पहिलंच उत्तर आठवेना. मी बाकावर बोटांनी ठेका धरला तेव्हा उत्तर सरसर यायला लागलं, पण बाई येऊन मला उठवून एकट्याला कोपऱ्यात बसवून गेल्या. आत्याच्या हातचं जेवण मात्र माझ्या अंगी लागलं, अभ्यासापेक्षा जास्त. वालाचं बिरडं, कैरी घातलेली सुकट, पावसाळ्यात शेतातल्या चिंबोऱ्यांचं कालवण. चिंबोरीचा नांगा कसा फोडायचा हे तिनं मला तीन वर्षं शिकवलं. मला तो अजून फोडता येत नाही. आता तर दातांच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे, त्यामुळे अब्रू झाकली गेली आहे.

वाडीत एक नियम होता, आणि तो आमच्या सगळ्या नात्यागोत्यात होता. झाडाचं पहिलं फळ गावदेवीचं. पहिली टोपली देवळात गेली, देवीपुढे ठेवली, की मगच त्या झाडाचं फळ कुणी तोंडात घालायचं. आंब्याच्या बाबतीत हा नियम मोडणं सोपं आहे. खाल्ला, कोय फेकली, तोंड पुसलं, संपलं. जांभळाच्या बाबतीत ती सोय नाही. एक जांभूळ खाल्लं तरी जीभ जांभळी होते आणि कितीही खंगाळली तरी दुपारपर्यंत तशीच राहते. त्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला गावात मोठ्या माणसांची एक सवय होती. समोर आलेल्या कुठल्याही पोराला रामराम करायच्या आधी ते म्हणत, “जीब दाकव.” मी लहानपणी सुट्टीत जायचो तेव्हा माझी जीभ निदान पाच जणांनी तपासलेली असे.

आत्याचे यजमान मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गेले. त्यानंतर पहिली टोपली देवळात नेण्याचं काम तिचे दीर धर्माकाका करायला लागले. देवळाची किल्लीही त्यांच्याकडेच असे. विधवेनं पहिली टोपली न्यायची नाही, असं भावकीनं ठरवलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघत. आत्यानं तीन वर्षं हे ऐकून घेतलं. झाडांना पाणी तिनं घालायचं, डबे तिनं वाजवायचे, आणि टोपली काकांनी न्यायची. चौथ्या वर्षी, मी पदवी घेऊन घरी बसलो होतो त्या उन्हाळ्यात, भाकरी थापता थापता ती म्हणाली, “औंदा टोपली मी नेनार.” मी म्हणालो, “ने की.” मला वाटलं, नुसतं पोचवायचं काम आहे. पदवीधर माणसाला काही गोष्टी फार उशिरा कळतात.

त्याच दिवसांत मला नोकरीची संधी आली, ती परमानंद सेठांमुळे. कॅम्प एकमध्ये आमच्या खोलीखाली त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांचा भाचा मुंबईत एका सहल कंपनीत होता. परदेशी लोकांना घेऊन मोठी जहाजं मुंबई बंदराला लागतात. एका दिवसासाठी पाहुणे खाली उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. या एका दिवसाच्या सहलीला त्या धंद्यात शोअर एक्स्कर्शन म्हणतात. मुंबई आधीच बघून झालेल्या पाहुण्यांसाठी कंपनीला काहीतरी गावाकडचं हवं होतं. सेठ मला म्हणाले, “अरे दिनेश, तू ग्रॅज्युएट आहेस ना? फिर बैठा क्यूँ है? अंबरनाथचं मंदिर दाखव, बदलापूरची जांभळं खिलाव, काम खतम. इंग्लिश येते ना?” मी म्हणालो, “वाचता येते.” सेठ म्हणाले, “तो पढ के बोल!” हा सल्ला मी नको तितका मनावर घेतला.

मोसमातलं शेवटचं जहाज येणार होतं, ऐन वैशाखात. बावीस पाहुणे, एक बस. सकाळी अंबरनाथचं शिवमंदिर, मग आत्याच्या वाडीत फळं चाखणं, मग परत बंदर. कंपनीच्या रेश्मा मॅडम बरोबर राहून माझ्यावर एक फॉर्म भरणार होत्या. फॉर्म चांगला भरला गेला तर पुढच्या मोसमात माझं नाव गाइडांच्या यादीत. आमच्या घराण्यातली ही पहिली अशी नोकरी असणार होती की जिच्यात अंगाला कसलाही वास येणार नव्हता. मी वाचनालयात बसून मंदिराची माहिती जमवली, इंग्रजीत लिहून काढली आणि आत्याच्या स्वयंपाकघरात बसून पाठ केली. एक आख्खी दोनशे पानी वही. आत्या विचारायची, “इतकं हाय त्या देवलात?” मी म्हणायचो, “तुला नाही कळायचं.” हे वाक्य आज लिहिताना मला कुणीतरी थोबाडीत मारावी असं वाटतं.

त्या दिवशी मंदिरापाशी सुरुवात झोकात झाली. दगडी भिंतीवरच्या मूर्ती, शिखर, गाभाऱ्याकडे खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, सगळं मी धडाधड सांगत होतो आणि पाहुणे माना हलवत होते. तेवढ्यात एल्सा नावाच्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या आजीबाईंनी हात वर करून विचारलं, “या मूर्तीच्या हातात काय आहे?” प्रश्न साधा होता. पण पाठ केलेल्या माणसाला मध्येच थांबवलं की त्याला पुढचं सापडत नाही; तो मागे जातो, आणि मागे म्हणजे थेट पहिल्या ओळीवर. मी पुन्हा “सन्माननीय पाहुणेहो, आपलं स्वागत असो”पासून सुरू केलं. मूर्तीपर्यंत आलो तर एका गृहस्थांनी दगडाबद्दल विचारलं. मी तिसऱ्यांदा त्यांचं स्वागत केलं. उन्हं चढली होती. चौथ्या स्वागताला दोन पाहुणे सावलीत जाऊन बसले. एल्सा आजी बाकीच्यांच्या कानात काहीतरी कुजबुजल्या आणि त्यानंतर एकानंही एक शब्द विचारला नाही. अशा रीतीनं मी वही पूर्ण केली. रेश्मा मॅडम बसमध्ये चढताना म्हणाल्या, “दिनेश, खूप डिटेल होतं. आपण चांगला एक तास लेट आहोत. जहाज कुणासाठी थांबत नाही, माहीत आहे ना? फ्रूट टेस्टिंग पटकन आटपायचं.” मग त्यांनी फॉर्मचं पान उलटलं. “आणि एक रूल आहे. गेस्टना द्यायच्या आधी गाइडनं स्वतः खाऊन बघायचं. कमीत कमी तीन, वेगवेगळ्या जागची. मग इथे सही. हे झाल्याशिवाय मी कुणाला हात लावू देणार नाही.”

मी म्हणालो, “आत्यानं सकाळीच देवीला दाखवलं असेल, काही अडचण नाही.” त्यांना यातलं काही कळलं नाही, आणि मला ते खरं वाटत होतं. पहाटे जांभळं काढून, आठ वाजेपर्यंत पहिली टोपली देवळात नेऊन ती मोकळी होणार होती.

बस वाडीपाशी थांबली. आत्या ओट्यावर तांब्याच्या कळशीतलं पाणी घेऊन उभी होती. इरकली नेसलेली, केस तेलानं चापून बसवलेले. चेहरा मात्र बरा नव्हता. मी जवळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, “देवीला दाखवलं नाय अजून. धर्मा किल्ली घेऊन बसलाय. बोलतो, टोपली माज्याकडं दे, नायतर देऊल उगडनार नाय. सकालपासून बसलाय तो, सकालपासून बसलीय मी. पावन्यांना पानी देते, मंग बघते.” आणि ती पाहुण्यांना पाणी द्यायला वळली. मागून रेश्मा मॅडम म्हणाल्या, “दिनेश, टेस्टिंग? वेळ जातोय.”

मागे पडवीत तीन टोपल्या होत्या, जांभळीच्या पानांनी झाकलेल्या. पहिलीवर आत्यानं हळदकुंकू वाहिलं होतं; ती देवीची. दुसऱ्या दोन पाहुण्यांच्या. मी तिथं उभा राहून विचार केला, आणि तो अगदी पदवीधराचा विचार होता. नियम देवीच्या टोपलीचा आहे. दुसरी टोपली देवीची नाही. म्हणजे दुसऱ्या टोपलीला नियम लागू नाही. शिवाय हे खाणं नव्हेच, ही तपासणी आहे. शिवाय माझ्या नावाची यादी, शिवाय वडिलांचा चेहरा. एवढे शिवाय गोळा झाल्यावर माणूस काहीही करतो. मी पान बाजूला केलं आणि एक जांभूळ तोंडात टाकलं. ती लवकर पिकणारी हळवी जात, काळीभोर, अंगठ्याएवढी. मग वेगवेगळ्या जागची म्हणून आणखी दोन. तीन झाली, रूल संपला. आणि मग, हे लिहायला मला आजही अवघड जातं, मी आणखी चार खाल्ली. कारण ती गोड होती. कारण मी पहाटेपासून उपाशी होतो आणि चार वेळा स्वागत करून माझा घसा सुकला होता. सातवी बी थुंकली तेव्हा भिंतीवरच्या टीचभर आरशात माझं लक्ष गेलं. जीभ, ओठांची आतली बाजू, दातांच्या फटी, सगळं जांभळं. मी पाणी घेऊन खळखळून चुळा भरल्या. त्यानं एवढंच झालं की रंग सगळीकडे सारखा पसरला.

मी तोंड मिटून बाहेर आलो आणि फॉर्मवर सही केली. मॅडम म्हणाल्या, “गुड. आता गेस्टना सांग.” आणि त्याच क्षणी आत्या देवीची टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरून ओट्यावर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दिन्या, पावन्यांना सांग. पयलं देवीला दाखवायचं, मंग खायाचं. मी देवलात चाललीय. कुनी नाय आलं तरी चालंल, पन टोपली मीच नेनार.”

बावीस चेहरे माझ्याकडे वळले. गाइडचं एकच काम असतं, तोंड उघडणं. मी खिशातला रुमाल तोंडावर दाबला आणि रुमालातून इंग्रजीत पुटपुटलो की पहिलं फळ देवीला द्यायची पद्धत आहे, आणि देऊळ जवळच आहे. मॅडमनी विचारलं, “तुझ्या तोंडाला काय झालं?” मी गालावर हात ठेवून दाढ दुखत असल्याचा अभिनय केला. मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, “नो टाइम. टेस्टिंग इथेच करू या.” पण एल्सा आजी आत्याकडे बघत होत्या. त्या उठल्या, टोपी घातली आणि म्हणाल्या, “मी या बाईंबरोबर जाते.” सकाळी त्यांनीच मला माझ्या वहीतून सोडवलं होतं, बाकीच्यांना त्यांचं ऐकायची सवय लागली होती. एकेक करत सगळे उठले.

ते दृश्य मी विसरणार नाही. पुढे डोक्यावर टोपली घेतलेली आत्या, मागे गवती टोप्या घातलेले, कॅमेरे लटकवलेले बावीस गोरे लोक, त्यांच्यामागे वैतागलेल्या मॅडम आणि सर्वांत शेवटी तोंडावर रुमाल धरलेला मी. घराघरातून बाया बाहेर येऊन बघत होत्या. एकीनं ओरडून विचारलं, “गुलाब, ह्ये कोन गं?” आत्या न थांबता म्हणाली, “माजी भावकी.”

देवळाच्या पायरीवर धर्माकाका बोटात किल्ली फिरवत बसले होते. एवढी वरात बघून त्यांनी किल्ली फिरवायची थांबवली.

“वयनी, ह्यो काय तमाशा? टोपली हितं ठेव. मी नेतो आत, दर सालासारकी.”

“औंदा मी नेते.”

“गाव काय बोलंल?”

“गाव बोलंल तवा बोलंल. तू दार उगड.”

काका उठेनात. आत्या टोपली उतरवेना. तिनं ती डोक्यावर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तेवढ्यात एल्सा आजींनी मला विचारलं, “हे गृहस्थ कोण आहेत?” आता खरं सांगायचं तर बरंच काही सांगावं लागलं असतं आणि तोंडही बरंच उघडावं लागलं असतं. मी रुमालातून जेवढं बसेल तेवढंच बोललो: “देवळाचे मानकरी. या बाईंसाठी दार उघडायचा मान आज यांचा आहे.” एल्सा आजींनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. कॅमेरे निघाले. एका गृहस्थांनी खुणेनंच काकांना विनंती केली की किल्ली जरा वर धरा. धर्माकाकांचा फोटो त्याआधी फक्त रेशनकार्डासाठी निघाला असावा. ते उभे राहिले. बोटांनी केस सारखे केले. किल्ली वर धरली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा एल्सा आजींबरोबर. तीन फोटो झाल्यावर त्या किल्लीचं करण्यासारखं एकच काम उरलं होतं. काकांनी कुलूप उघडलं.

मी त्या विजयात इतका रमलो की रुमाल खाली आला. लगेच वर घेतला, पण काकांची नजर माझ्यावर पडली होती. त्यांचा चेहरा पालटला. हरलेल्या माणसाला पत्त्यातलं पान सापडावं तसा.

“दिन्या, रुमाल कशाला रं लावलास?”

मी मान हलवली.

“बोलत का नाय? जीब दाकव.”

आत्याचा एक पाय उंबऱ्यावर होता. मी जीभ दाखवली असती तर देवीच्या आधी झाडाचं फळ खाल्लं गेल्याचं गावासमोर सिद्ध झालं असतं, आणि काकांना पुढचं बोलायला शब्द शोधावे लागले नसते: बाईनं टोपली नेली, बघा काय झालं. तिची तीन वर्षं, तिचे डबे, तिची पहाट, सगळं माझ्या जिभेवर होतं. खरोखरच.

“दाढ दुकते त्याची,” आत्या मागे न बघता म्हणाली. “सकालपासून लवंग धरून हाय. त्याला बोलाया नको लावू.” आणि ती आत गेली.

मी दाढेचा अभिनय मॅडमसमोर केला होता, आत्यासमोर नाही. त्या वेळी ती दहा हातांवर होती, टोपली धरून. म्हणजे तिनं बघितलं होतं. दाढ बघितली होती, रुमाल बघितला होता, आणि पडवीतल्या दुसऱ्या टोपलीवरची पानं मी वाकडी ठेवली होती तीही बघितली असणार. ही बाई त्या देवळात कधी खोटं बोलली नव्हती. एकदा शेजारणीचं कोंबडं हरवलं तेव्हा, “देवीसमोर शपथ घ्यायची तर मला नीट आठवू दे,” म्हणून ती दोन दिवस आठवत बसली होती. आणि आज उंबऱ्यावर पाय ठेवून, मागे न बघता, माझ्यासाठी.

आत तिनं टोपली ठेवली, एक जांभूळ उचलून देवीपुढे ठेवलं, आणि बराच वेळ कपाळ जमिनीला टेकवून राहिली. बाहेर मॅडमचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. मग ती बाहेर आली आणि एकेका पाहुण्याच्या तळहातावर एकेक जांभूळ ठेवत गेली. एल्सा आजींनी ते डोळे मिटून खाल्लं. धर्माकाकांनाही तिनं दिलं, दोन. शेवटी माझ्यासमोर आली. माझ्या हातावर एक ठेवलं, माझ्या रुमालाकडे बघितलं आणि म्हणाली, “आता खा.”

मी खाल्लं. त्यानंतर जीभ कुणालाही दाखवता आली असती, पण कुणी विचारली नाही. बाकीच्या दोन टोपल्या पाहुण्यांनी वाडीत उभ्यानं, मीठ लावून, दहा मिनिटांत संपवल्या. बस सुटली. मी आत्याला धड नमस्कारसुद्धा केला नाही. जहाजाची शिडी वर घ्यायच्या बेतात असताना आम्ही पोचलो.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला पाहुण्यांचे अभिप्राय वाचून दाखवले. मंदिर सुंदर, स्वागत जरा जास्त. देवळापर्यंतचं चालणं, सहलीतली सर्वांत चांगली गोष्ट. आणि एका कागदावर, बहुधा एल्सा आजींच्या हातचं: गाइड मनापासून काम करतो, त्याच्या दातांकडे कृपया कुणीतरी लक्ष द्यावं. माझं नाव यादीत आलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. माझ्या वाटचा मी खाल्लाच नाही. तीच माणसं दाखवून, तीच फळं खाऊ घालून मी पुढे जन्मभर पोट भरलं. आत्याची वाडी आता नाही. तिथं उंच इमारती आहेत आणि त्यांच्या कमानीवर ‘जांभूळबन’ असं लिहिलं आहे. आत जांभळीचं झाड शोधायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा वॉचमननं हटकलं. पण ते नंतरचं.

त्या आठवड्यात मला खरवईला जायचं धाडस होईना. दोन स्टेशनं पलीकडे आत्या, आणि मी उल्हासनगरात बसून पत्र लिहिलं. पोस्टात टाकलं, त्याला पोचायला चार दिवस लागले. चालत गेलो असतो तर त्याच दिवशी पोचलो असतो. आत्या चौथी शिकलेली होती, अक्षर जोडून जोडून वाचायची, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं. कच्ची प्रत अजून माझ्याकडे आहे, त्या दोनशे पानी वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. वहीत दुसरी जागा नव्हती.

ती. गुलाबआत्यास,
दिनेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नकोस. इकडे सगळे बरे आहेत.

पाहुणे आले त्या दिवशी मी पडवीतल्या दुसऱ्या टोपलीतली जांभळं देवीच्या आधी खाल्ली. मॅडमनी तीन सांगितली होती. मी सात खाल्ली. तीन नोकरीसाठी, चार गोड लागली म्हणून.

ती देवीची टोपली नव्हती, असं मी रोज स्वतःला सांगतो. पण झाड एकच होतं.

तू टोपली नेलीस ती सगळ्या गावानं बघितली. त्यात जी खोट आहे ती माझी आहे. उंबऱ्यावर तू जे बोललीस तेही माझ्याच नावावर आहे, तुझ्या नाही. देवीला काय सांगायचं ते तू ठरव. धर्माकाकांना कळलं आणि बाईनं नेली म्हणून असं झालं असं ते म्हणाले, तर मला बोलावून घे. मी गावासमोर सांगेन, बाईनं नेली म्हणून नाही, पदवीधरानं खाल्ली म्हणून झालं.

मला नोकरी लागली. कंपनी म्हणते, दर जहाजाला देवीची टोपली न्यायची, डिसेंबरातसुद्धा. मी म्हणालो, फळ नसताना पहिलं फळ कुठून आणू? ते वर्षातून एकदाच, आणि ते आत्या नेते. हे तरी बरोबर बोललो ना?

मंगळवारी येतो. रागावली असशील तर आत घेऊ नकोस. मी ओट्यावर बसेन. फक्त माझ्या वाटणीची भाकरी थाप.

तुझा,
दिनेश

ता. क. दाढ दुखत नाही.